अशक्तपणाचे अर्थशास्त्र

नोकरी करणाऱ्या स्त्रीची 'तारेवरची कसरत' हा अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांचा आवडता विषय झाला आहे. घर आणि कचेरी यांचा मेळ कसा घालावा, मनावरचा ताण कसा हलका करावा, पहाटे उठून दहा मिनिटे ध्यान केल्याने दिवस कसा प्रसन्न जातो, असे सांगणाऱ्या लेखांना, व्याख्यानांना आणि शिबिरांना तोटा नाही. या सल्ल्यांमागील सद्हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्यांतील गृहीताबद्दल. घर आणि काम यांच्यातील ओढाताण हा स्त्रीच्या स्वभावाचा, तिच्या नियोजनाचा आणि फार तर तिच्या नवऱ्याच्या समजूतदारपणाचा प्रश्न आहे, असे मानून हे सारे विवेचन चालते. तो वर्गाचा प्रश्न आहे, हे त्यात कोठेच येत नाही. खेदाची गोष्ट अशी की, वर्गाची भाषा अहोरात्र बोलणाऱ्या आपल्या चळवळीतही तो महिला आघाडीच्या ठरावातील चौथे किंवा पाचवे कलम म्हणूनच उरतो.

'मानसिक आरोग्य' हा शब्द कोणाच्या तोंडी आहे, हेही पाहण्यासारखे आहे. धुणीभांडी करणारी, विडी वळणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी स्त्री आपले मन आजारी आहे असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, अशक्तपणा आला आहे, अंगात त्राण नाही, डोके ठणकते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दवाखान्यात तिला शक्तीच्या गोळ्या मिळतात, अधिक पैसे मोजल्यास सलाईनची बाटली मिळते, आणि ती दुसऱ्या दिवशी कामाला लागते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून जे संशोधन केले, त्याचे मोल मला याच ठिकाणी वाटते. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांची त्यांनी पाहणी केली, तेव्हा त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरील भाराशी अधिक घट्ट असल्याचे दिसून आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २३ टक्के स्त्रियांत सहा ते आठ आठवड्यांनंतर नैराश्याची लक्षणे आढळली. ती कोणात अधिक आढळली? जिच्या घरी आर्थिक हलाखी होती तिच्यात, नवऱ्याशी संबंध बिघडलेले होते तिच्यात. झालेले मूल मुलगी असेल तर धोका आणखी वाढत होता. म्हणजे अशक्तपणा हा केवळ रक्तातील लोहाचा हिशेब नव्हे. त्यात मिळकतीचा, घरातील सत्तेचा आणि मुलगी नकोशी मानणाऱ्या संस्कृतीचाही हिशेब आहे.

विलायतेतही याहून वेगळे घडलेले नाही. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ साली नैराश्याच्या सामाजिक मुळांवर जे पुस्तक लिहिले, ते आपल्याकडील कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावे असे आहे. लहान मुले असलेल्या कामगारवर्गीय स्त्रियांत नैराश्याचे प्रमाण त्याच वस्तीतील मध्यमवर्गीय स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक होते. संकट कोसळल्यावर कोणती स्त्री मोडून पडते, याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला. लहानपणीच आई गमावलेली, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असलेली, मन मोकळे करण्याजोगे निकटचे माणूस नसलेली आणि घराबाहेर नोकरी नसलेली स्त्री अधिक सहज मोडते, असे त्यांना आढळले.

यातील शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण स्त्रियांच्या ताणाची चर्चा निघाली की सनातनी मंडळींचा निष्कर्ष तयारच असतो : एवढा ताण होतो, तर बाईने घरी बसावे! वस्तुतः बाहेरचे काम हे स्वतःच्या हातातील पैशाचे, चार माणसांतील ओळखीचे आणि घराच्या चौकटीबाहेर श्वास घेण्याचे साधन असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार त्या वर्षी आत्महत्या केलेल्या सुमारे ४५ हजार स्त्रियांपैकी २३ हजारांहून अधिक गृहिणी होत्या. आपल्या देशात गृहिणींची संख्याच मोठी आहे, तेव्हा या आकड्यावरून गृहिणीला धोका अधिक असा निष्कर्ष परस्पर काढता येणार नाही. पण घर हे स्त्रीला सुरक्षित ठेवणारे छप्पर आहे, ही समजूत बाळगण्यास हा आकडा मुळीच वाव ठेवत नाही. स्त्री खचते ती तिला काम आहे म्हणून नव्हे. एका कामाचे तास संपल्यावर दुसरे, विनामोबदल्याचे काम सुरू होते आणि ते वाटून घेणारे कोणी नसते, म्हणून ती खचते.

या दुसऱ्या कामाचा हिशेब आता सरकारनेच मांडला आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या काल-विनियोग पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते. पुरुष करीत असेल तर ८८ मिनिटे. पुन्हा, दिवसभरात असे काही काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष अवघे २७! आम्हा अर्थशास्त्रज्ञांना आकड्याचे रूप पालटून पाहण्याची खोड असते. २८९ मिनिटे म्हणजे वर्षाला सुमारे १,७५० तास. आठ तासांची एक पाळी धरली तर सुमारे २२० पाळ्या. कारखान्यातील कामगाराला सुट्ट्या वजा जाता वर्षाला सुमारे तीनशे पाळ्या भराव्या लागतात. म्हणजे बाहेर काम न करणारी स्त्रीही तीन-चतुर्थांश कामगार आहे, आणि बाहेर काम करणारी पावणेदोन. मुलांची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा या २८९ मिनिटांत धरलेली नाही.

केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली लिहून ठेवले आहे की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवाल्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, पगार थांबतो, म्हणून. हा दाखला मी वर्षानुवर्षे शिकवला. दरवर्षी वर्गात हशा पिकत असे. मुली मात्र बेताने हसत.

परंतु सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. २८९ मिनिटांच्या पोटात वर्ग दडलेला आहे. ज्या घरी चोवीस तास नळाला पाणी आहे, गॅस आहे, धुलाई यंत्र आहे, तेथील मिनिटे आणि ज्या वस्तीत सार्वजनिक नळाला पहाटे चार वाजता तासभर पाणी येते तेथील मिनिटे एकाच मापाने मोजता येत नाहीत. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले आणि त्याच श्वासात ते चुलीच्या धुराबद्दल, पाण्याबद्दल आणि बायकांच्या संडासाबद्दल बोलत राहिले. अनेक विद्वानांना तेव्हा ते हास्यास्पद वाटले होते. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून मृणालताई झगडल्या, तेव्हा त्या बायकांच्या आयुष्यातील तासच परत मागत होत्या. १९७० च्या दशकात महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांच्या रागात भावांइतकाच रांगांचाही वाटा होता.

वर्गाचा खरा व्यवहार यापुढे आहे. ज्या स्त्रीला परवडते ती ही दुसरी पाळी विकत घेते. बँकेत, महाविद्यालयात, कचेरीत काम करणारी स्त्री धुणीभांडी, केर-फरशी, पोळ्या, म्हातारी सासू आणि तान्हे मूल यांसाठी दुसरी स्त्री ठेवते. तिने ठेवू नये असे मी म्हणत नाही. नवरा हातात झाडू घेत नाही, तोवर तिला गत्यंतर नाही. पण ती ज्या बाईचे तास विकत घेते, त्या बाईच्या घरची पाळी कोण करते? ती बाई पाच घरची कामे करून घरी जाते तेव्हा तिचा स्वयंपाक, तिची भांडी, तिचे तान्हे मूल तिची वाट पाहत असतात. तिला विकत घेता येईल असे कोणी नसते. मग साखळीचे शेवटचे टोक तिच्या थोरल्या मुलीच्या हाती येते. अकरा-बारा वर्षांची ती पोर धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी राहते आणि हळूहळू शाळेच्या हजेरीपटावरून नाहीशी होते. वरच्या मजल्यावरील स्त्रीचा तणाव अशा रीतीने मजल्यामजल्याने खाली उतरत जातो. नाहीसा होत नाही. घरातील पुरुष या साखळीत कोठेच अडकलेला नसतो, ही त्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट.

पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली उत्स्फूर्तपणे संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हा इतिहास जुन्या साथींच्या स्मरणात असेल. पगारवाढीबरोबर हक्काची सुट्टी ही त्यांची मागणी होती. आजारी पडण्याचा हक्क, असेही तिला म्हणता येईल. तेव्हा सुशिक्षित पुणेकर कुटुंबांत जो संताप उसळला, तो केवळ चार पैसे जास्त द्यावे लागतील म्हणून नव्हता. घरातील कामाची फेरवाटणी करावी लागेल या भयाचाही तो होता. २०२० च्या टाळेबंदीत गृहरचना संस्थांनी मोलकरणींना फाटक बंद केले, तेव्हा काही आठवडे सुशिक्षित पुरुषांनी भांडी घासली आणि त्याची छायाचित्रेही काढून घेतली. फाटके उघडली आणि भांडी पुन्हा बाईकडे गेली. मधल्या महिन्यांचा पगार किती घरांनी दिला, याचा हिशेब त्या छायाचित्रांत नव्हता. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामगारांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०११ साली जिनिव्हात भारताने अनुकूल मत दिले, पण त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही.

मूळ प्रश्न असा आहे की, पुढची पिढी वाढवण्याचा खर्च समाजात कोणी उचलायचा? हा प्रश्न नवा नाही. गिरणी कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात मोबदला देणारे विधेयक १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही तोवर, स्त्रियांना कामावर ठेवण्यात ज्याचा फायदा आहे त्या मालकाला जबाबदारी टाळता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली कायदा झाला. पुढे काय झाले? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. त्यानंतरच्या चार-पाच दशकांत वाइंडिंग-रीलिंग खात्यांतील या स्त्रिया जवळजवळ दिसेनाशा झाल्या. यंत्रसुधारणा, पाळ्यांची नवी पद्धत, रात्रपाळीवरील बंदी ही त्याची कारणे होतीच. पण बाईला ठेवले तर बाळंतपणाचा खर्च आपल्या माथी, हे गणितही मालकांना समजत होते.

तेच गणित आजही चालू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या तरतुदी पुढे चालू ठेवल्या. कायदा चांगला आहे, पण पगाराचा सगळा भार एकट्या मालकावर ठेवल्याने तरुण स्त्रीला नोकरी नाकारण्याचे कारण मालकाला आयते मिळते. आंबेडकरांचे पहिले वाक्य आपण विसरलो आणि दुसरेच तेवढे धरून बसलो. आणि ज्या स्त्रीला मालकच नाही, किंवा पाच मालकिणी आहेत, तिचे काय? तिच्यासाठी २०१७ सालीच मातृवंदना योजना आली. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये. त्याच २६ आठवड्यांना भागले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये होतात. एका वर्गातील मातेला सहा महिन्यांचा पूर्ण पगार आणि दुसऱ्या वर्गातील मातेला दिवसाला साडेसत्तावीस रुपये! हा फरक पाहिल्यावर बाळंतपणानंतरचे नैराश्य गरीब घरांत अधिक का, याचे उत्तर मेंदूतील रसायनांत शोधायला जाण्यापूर्वी थोडे थांबावे.

वर्गाच्या उतरंडीत आणखी खाली उतरले म्हणजे 'घर आणि काम यांचा मेळ' हा शब्दप्रयोगच क्रूर वाटू लागतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल नवऱ्याच्या हाती पडते. बाईच्या श्रमाची वेगळी नोंद नसते. अंधार असताना उठून भाकरी करायची, फडात तोडणी करायची, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, रात्री पुन्हा चूल. खाडा पडला तर मुकादम दंड कापून घेतो. पाळीच्या दिवसांत किंवा दुखण्यात विसावा घेणे म्हणजे कर्जात भर. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. शरीर आणि काम यांच्यात संघर्ष आला तेव्हा काम तसेच राहिले, शरीराचा भाग गेला. या स्त्रियांना ताण-नियोजनाचे शिबिर कोणी आणि कोणत्या तोंडाने द्यावे?

काही साथी म्हणतील, भाकरीचा प्रश्न सुटला की हे प्रश्न आपोआप सुटतील. मला तसे वाटत नाही. २०२४ पासून महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' योजनेखाली स्त्रियांच्या खात्यात महिना १,५०० रुपये जमा होऊ लागले. बाईच्या नावाने रोख रक्कम येणे चांगलेच. तिला नाके मुरडण्याचा उच्चभ्रूपणा आपण करू नये. पण पैशाने तास मिळतातच असे नाही. दीड हजारांत दिवसभराचे पाळणाघर मिळत नाही, आणि वस्तीत पाळणाघरच नसेल तर पंधरा हजारांतही मिळणार नाही. ज्या सेवा सार्वजनिक असतात, त्याच गरिबाच्या वाट्याला येतात. गोव्यातील ज्या संशोधनाचा वर उल्लेख केला, त्याच परंपरेतील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, थोड्या प्रशिक्षणानंतर स्थानिक सामान्य व्यक्तींनी नैराश्यग्रस्तांना समुपदेशन केले. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा गुण ठळक दिसला. खाजगी दवाखान्यांत मात्र नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत असा फरक आढळला नाही. तरीही हे काम उद्या सरकारने हाती घेतलेच, तर ते कोणाच्या गळ्यात पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको : आशा सेविकेच्या. २००५ पासून सरकार जिला स्वयंसेविका म्हणते, जिला पगार न देता मोबदला देते, आणि जिच्या घरी संध्याकाळी तीच चूल वाट पाहत असते. इतरांच्या मनाची काळजी घेणारीच उद्या अशक्तपणाची गोळी मागायला रांगेत उभी राहील.

अंगणवाडीची कथाही अशीच. १९७५ साली सुरू झालेली ही योजना देशातील बालसंगोपनाचे सर्वांत मोठे सार्वजनिक जाळे आहे. पण ती भरते दिवसाचे तीन-चार तास. कामावर गेलेल्या आईला तिचा उपयोग किती? बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस'ने १९६९ साली दिल्लीत आणि पुढे मुंबई-पुण्यात जे करून दाखवले, त्याने हे सिद्ध झाले आहे की दिवसभराचे पाळणाघर ही चैन नसून बांधकामाच्या जागी, पत्र्याच्या खोलीतही चालवता येणारी गोष्ट आहे. अंगणवाडी आठ तासांची करा, अशी मागणी आपण केली तर सेविका आणि मदतनीस यांना पूर्ण वेळेचा पूर्ण पगार, ही तिची दुसरी बाजू त्याच वाक्यात आली पाहिजे. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत पन्नासवर दिवस संप केला, तेव्हा बहुतेक सभांत आपण पाठिंब्याचे ठराव केले. पण त्या संपाच्या मागण्या आणि वस्तीतल्या मातांची गरज या एकच आहेत, हे किती वस्त्यांत जाऊन सांगितले?

कामगार संघटनांच्या मागणीपत्रांकडेही या दृष्टीने पाहावे. महागाई भत्ता, बोनस, ग्रॅच्युइटी या मागण्या आपण लढून मिळवल्या. पाळणाघराची मागणी मात्र नेहमी शेवटच्या पानावर असते आणि वाटाघाटीत सर्वांत आधी सोडून दिली जाते, कारण टेबलाच्या आपल्या बाजूला बसलेल्यांपैकी कोणालाही सहा वाजता घरी जाऊन मूल उचलून घ्यायचे नसते. शाखेच्या बैठका संध्याकाळी सात वाजता ठेवायच्या आणि मग बायका येत नाहीत अशी खंत करायची, हाही त्यातलाच प्रकार. सात वाजता बायका कोठे असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी केलेल्या भाकरीवरच आपली बैठक चालते.

महापालिकांची अंदाजपत्रके वर्षअखेरीनंतर मांडली जातात. आपल्या प्रत्येक शाखेने आपापल्या प्रभागातील सहा वर्षांखालील मुले किती, कामावर जाणाऱ्या माता किती, नळाच्या वेळा काय आणि चालू अंगणवाड्या किती तास उघड्या असतात, एवढी चार आकड्यांची यादी घरोघर जाऊन करावी, आणि दिवसभराच्या पाळणाघरासाठी स्वतंत्र तरतुदीची लेखी मागणी त्या यादीसह डिसेंबरपूर्वी प्रभाग कचेरीत दाखल करावी. यादी करायला पुरुष कार्यकर्त्यांनी जावे.